कुठला अंक ठेवायचा? : मॉडेल रेल्वेच्या मासिकांचा एक हिशेब

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि दोन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जायची वेळ आली. नव्या घराला माळा नव्हता. जुन्या घराच्या माळ्यावर माझी चौदा खोकी होती. सौभाग्यवतींनी निवाडा दिला, "एक कपाट तुमचं. त्यात मावेल ते तुमचं, उरेल ते रद्दीवाल्याचं." निवाडा न्याय्य होता, म्हणून अपील केलं नाही.

त्या खोक्यांत मॉडेल रेल्वेची इंग्रजी मासिकं होती. काही मुंबईत हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर किलोच्या भावानं घेतलेली, काही परदेशी गेलेल्या नातलगांकडून मागवलेली, काही वर्गणी भरून आलेली. तीस वर्षांचा साठा होता. मॉडेल रेल्वे म्हणजे खेळण्यातली आगगाडी नव्हे. खऱ्या रेल्वेची मापं एका ठरलेल्या प्रमाणात लहान करून, त्याच प्रमाणात रूळ, सांधे, सिग्नल, फलाट, डोंगर, बोगदे उभे करायचे आणि त्यावर वेळापत्रकानुसार गाड्या चालवायच्या, असा हा उद्योग आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहे. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

माझा या प्रकाराशी संबंध शौकापेक्षा नात्याचा आहे. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी हे आमच्या घरचं अन्न होतं. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर हा मार्ग या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाला. ती गाडी आता कुठे दिसत नाही. तिचा एक डबा मापाबरहुकूम करून ठेवावा एवढीच माझी इच्छा होती. मी वाणिज्य शाखेचा, नोकरी हिशेबखात्यातली, ड्रॉइंगचा तास शाळेनंतर कधी पाहिला नाही. रेल्वेचं माप कसं वाचायचं, कसं काढायचं, कसं तपासायचं, हे सगळं मी या मासिकांतूनच शिकलो. त्यामुळे त्यांतली कुठली ठेवायची हा प्रश्न माझ्यापुरता सोपा नव्हता.

पहिल्या दिवशी मी देखणे, गुळगुळीत, रंगीत अंक एका बाजूला आणि पिवळे पडलेले कृष्णधवल अंक दुसऱ्या बाजूला ठेवले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की गरज पडली तेव्हा मी ज्या अंकांकडे पुन्हा पुन्हा गेलो ते जवळजवळ सगळे दुसऱ्या ढिगात आहेत. असं का, हे शोधायला बसलो आणि आवराआवरीचं काम या मासिकांचा इतिहास तपासण्याचं काम होऊन बसलं.

विकणारे आणि शिकवणारे

इंग्लंडमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी जानेवारी १८९८मध्ये 'मॉडेल इंजिनिअर' सुरू केलं. त्याचा वाचक घरी लेथ असलेला, निदान लेथची स्वप्नं पाहणारा माणूस होता. त्याला रेडिमेड काही मिळत नव्हतं, त्यामुळे मासिकाला एकच काम होतं : करून कसं बघायचं ते सांगणं. रेल्वे हा त्यात अनेकांपैकी एक विषय होता.

१९०९मध्ये हेन्री ग्रीनली यांच्या संपादनाखाली 'मॉडेल रेल्वेज अँड लोकोमोटिव्ह्ज' निघालं. केवळ छोट्या रेल्वेला वाहिलेलं हे अगदी आरंभीचं मासिक. ग्रीनली हे उत्तम अभिकल्पक, आणि नॉर्दम्प्टनचे प्रसिद्ध मॉडेल-व्यापारी बॅसेट-लोक यांच्यासाठी इंजिनांचे आराखडे करणारे. या मासिकातही बॅसेट-लोक यांचा सहभाग होताच. म्हणजे छंदाचं मासिक आणि छंदाचं दुकान यांची सोयरीक पहिल्याच पिढीत जुळलेली दिसते.

हिशेबखात्यात आयुष्य गेल्यामुळे माझी पहिली प्रतिक्रिया हितसंबंध शोधायची. मी मनाशी नियम केला, की ज्या मासिकामागे माल विकणारा उभा आहे ते रद्दीत. नियम सुटसुटीत होता. तो पुढे टिकला नाही, त्याची हकिकत येईलच.

मार्शल यांच्याच प्रकाशनसंस्थेनं जानेवारी १९२५मध्ये 'मॉडेल रेल्वे न्यूज' काढलं. जे. एन. मॅस्केलाइन हे त्याचे दीर्घकाळ संपादक. ते स्वतः इंजिनांची मापशुद्ध रेखाटनं करत. या मासिकात जॉन अहर्न नावाच्या गृहस्थांनी आपल्या 'मॅडर व्हॅली' या काल्पनिक रेल्वेबद्दल लिहिलं. त्याआधी छोटी रेल्वे म्हणजे मुख्यतः इंजिन आणि रूळ. अहर्न यांनी तिच्याभोवती गाव वसवलं : गिरणी, गल्ल्या, बंदर, घरांच्या भिंतींचे पोपडे. ती रेल्वे आज ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयात जपून ठेवली आहे. हे लेखन वाचताना लक्षात येतं, की त्यात विकत घेण्याजोगं जवळपास काही नाही. पुठ्ठा, कागद, रंग आणि निरीक्षण एवढ्या भांडवलावर सगळं उभं आहे.

साडेसोळा मिलिमीटर

आता एका चुकीची गोष्ट सांगायला हवी, कारण मासिकं कशी निवडावीत हे मला तिनंच शिकवलं.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२२च्या सुमारास, जर्मनीच्या बिंग कारखान्याची टेबलावर मावणारी छोटी रेल्वे बॅसेट-लोकमार्फत इंग्लंडमध्ये आली. रुळांतलं अंतर साधारण साडेसोळा मिलिमीटर. त्याला साजेसं प्रमाण एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. जगात बहुतेक ठिकाणी तेच रुळलं, त्याला एचओ म्हणतात. पण ब्रिटिश इंजिनं खऱ्या आयुष्यातच अंगानं बारीक. त्यांच्या साडेतीन मिलिमीटरी प्रतिकृतीत त्या काळच्या मोटारी मावेनात. मग तोडगा निघाला, की गाडी फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात करायची, रूळ मात्र साडेसोळाचाच ठेवायचा. ग्रीनली यांचं नाव या तोडग्याशी जोडलं जातं. यालाच ओओ म्हणतात. १९३८मध्ये हॉर्नबीची 'डब्लो' याच मापात बाजारात आली आणि माप कायमचं झालं.

गणित करून बघा. खरा ब्रिटिश रूळ चार फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर. फुटाला चार मिलिमीटरनं तो व्हायला हवा १८.८३. प्रत्यक्षात आहे १६.५. उलट्या बाजूनं पाहिलं, तर इंग्लंडमधल्या लाखो घरांत धावणारी ही गाडी चार फूट दीड इंचाच्या रुळावर धावते आहे, आणि असा रूळ त्या देशात तिच्यासाठी कधीच नव्हता. समोरून पाहिलं की गाडी आखूड पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते.

या सव्वादोन मिलिमीटरवर ब्रिटिश मासिकांत अनेक दशकं वाद झाला. काहींनी रूळ अठरापर्यंत रुंदावला, त्याला ईएम म्हणतात. १९६०च्या दशकात एका गटानं थेट १८.८३चा आग्रह धरला आणि चाकाच्या कडेची जाडीसुद्धा प्रमाणात बसवून दाखवली. उरलेल्या बहुसंख्यांचं म्हणणं होतं, की गाडी धावते आहे, मुलं खूश आहेत, सव्वादोन मिलिमीटर कोण मोजतो?

या वादात कोण जिंकलं हे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की काही मासिकांत तो वाद *दिसतो*. वाचकांची पत्रं येतात, लेखकाची आकडेमोड चुकल्याचं कुणी दाखवतं, लेखक पुढच्या अंकात कबूल करतो किंवा उलट हिशेब मांडतो. दुसऱ्या काही मासिकांत हा प्रश्न अस्तित्वातच नसतो. तिथे रूळ म्हणजे दुकानात मिळतो तो. पहिल्या प्रकारचा अंक वाचून झाल्यावर माणूस पट्टी शोधतो. दुसऱ्या प्रकारचा वाचून पाकीट शोधतो. माझ्या निवडीचा पहिला खरा निकष इथे हाती आला : वाचकांचा पत्रव्यवहार वाचा, आणि त्यात लेखकाला कुणी दुरुस्त केलंय का ते पाहा.

रिकामी दुकानं

अमेरिकेची गोष्ट जानेवारी १९३४पासून सुरू होते. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिल्वॉकीच्या परिसरात अल कामबाख या तरुणानं महामंदीच्या ऐन मध्यात 'मॉडेल रेलरोडर' काढलं. त्याच्या आदल्याच वर्षी 'मॉडेल क्राफ्ट्समन' सुरू झालं होतं, जे पुढे 'रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन' झालं. मंदीत छंदाची मासिकं निघावीत हे वरवर विचित्र वाटतं. पण हाताला काम नव्हतं त्यांना वेळ होता, आणि रेडिमेड माल घेण्याची ऐपत नव्हती त्यांना करून बघण्यावाचून इलाज नव्हता.

त्या वेळी एकाच्या कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या डब्याला जोडता येत नव्हता. चाकं एका रुळावर धावत, दुसऱ्यावरून घसरत. १९३५च्या सप्टेंबरच्या आरंभी मिल्वॉकीत निरनिराळ्या क्लबांची माणसं जमली आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. रूळ, चाकं, जोडणी यांची प्रमाणं ठरवणं हे तिचं मुख्य काम. या खटपटीत कामबाख होते. म्हणजे मासिकानं छंदाच्या बातम्या दिल्या एवढंच नाही, छंदाला एक सामाईक माप मिळवून देण्यात त्याचा हात होता. हे माप वाचकाच्या हातात आलं, की वाचक कारखानदाराला विचारू शकतो : तुझं चाक बसतं का? 'मॉडेल रेलरोडर'च्या वस्तुपरीक्षणांत पुढे इंजिनाची ओढण्याची ताकद, वेग, खऱ्या गाडीच्या मापांशी तुलना असे तक्ते येऊ लागले, त्याची मुळं या वृत्तीत आहेत.

पण मला सर्वांत शिकवून गेलं ते १९४४ साल. दुसऱ्या महायुद्धात १९४२च्या मध्यावर अमेरिकेत खेळण्यातल्या आगगाड्यांचं उत्पादन थांबलं. धातू युद्धाकडे वळला. लायोनेल या नामांकित कंपनीनं १९४३च्या नाताळसाठी चक्क पुठ्ठ्याची आगगाडी विकली. अशा वेळी, दुकानं रिकामी असताना, 'मॉडेल रेलरोडर'मध्ये फ्रँक एलिसन यांची मॉडेल रेल्वेच्या कलेवरची लेखमाला आली. एलिसन हे न्यू ऑर्लिन्सचे, पूर्वायुष्यात रंगभूमीशी संबंध आलेले. त्यांनी रेल्वेच्या मांडणीकडे रंगमंच म्हणून पाहिलं. गाड्या ही पात्रं, वेळापत्रक हे कथानक. गाडी नुसती गोल गोल फिरवू नका, ती कुठून कशासाठी निघाली आणि कुणासाठी काय घेऊन पोचली ते ठरवा, असं त्यांचं सांगणं. त्यानंतरच्या अमेरिकन मांडणीवर या विचाराचा ठसा आहे.

माल नसताना विचार छापला गेला, हा योगायोग मानायला माझं मन तयार नाही. मात्र इथे माझी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी वजन कमी करायला मी जुन्या अंकांतली जाहिरातींची पानं फाडून टाकली होती. लेख ठेवले, जाहिराती फेकल्या, आणि मोठं शहाणपण केल्यासारखं वाटलं. आता इतिहास लावायला बसलो तेव्हा समजलं, की त्या पानांशिवाय लेख अर्धे मुके आहेत. लेखक चाक घरी ओतायला का सांगतो आहे? चाक बाजारात नव्हतं म्हणून, की महाग होतं म्हणून, की मिळणारं चाक चुकीच्या मापाचं होतं म्हणून? उत्तर जाहिरातीत होतं आणि जाहिरात मी रद्दीत दिली होती. जाहिरात वाचकाला फसवत असेल, पण पन्नास वर्षांनी ती संशोधकाला फसवत नाही. त्या काळी काय मिळत होतं आणि केवढ्याला, हे तिच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगत नाही.

नियम मोडतो

मालवाल्यांची मासिकं रद्दीत, हा माझा नियम 'रेल्वे मॉडेलर'पाशी मोडला. हे ब्रिटिश मासिक १९४९मध्ये निघालं. १९५१मध्ये ते सिडनी प्रिचर्ड यांच्या ताब्यात आलं. प्रिचर्ड म्हणजे 'पेको', मॉडेल रेल्वेचे रूळ बनवणारा कारखाना. रूळ विकणाऱ्याचं मासिक! नियमानुसार सगळे अंक दारात ठेवायला हवे होते.

पण त्याचे १९५० ते १९७८ या काळातले संपादक सिरिल फ्रीझर. या माणसानं एका साध्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला : ज्याच्याकडे वेगळी खोली नाही, त्यानं काय करायचं? लंडनच्या उपनगरातल्या चिमुकल्या घरात एका भिंतीवर फळी मारून रेल्वे कशी बसवायची, याचे आराखडे त्यांनी सतत छापले. एप्रिल १९५७मध्ये आलेला त्यांचा 'मिनोरीज' हा आराखडा आजही वापरला जातो. शहरातलं एक छोटं अखेरचं स्थानक. घडी घालता येईल अशी फळी. कमाल आहे ती सांध्यांच्या मांडणीत. कुठलीही गाडी कुठल्याही फलाटाला लागू शकते आणि तरीही डबे उलटसुलट वळणांत झोकांड्या खात नाहीत. मुंबईच्या चाळीतल्या दीड खोलीत वाढलेल्या माणसाला या आराखड्याची थोरवी समजावून सांगावी लागणार नाही.

फ्रीझर यांनी आराखडे दिले म्हणून पेकोचे रूळ खपले असतील. खपलेच असणार. पण आराखडा वाचकाच्या हातात राहिला आणि तो कुणाच्याही रुळावर उतरवता येतो. म्हणून नियम सुधारून घेतला. मालक कोण हे बघायचं, पण निकाल त्यावर द्यायचा नाही. लेख वाचून झाल्यावर मालकाचा माल बाजूला काढला तर मागे काय उरतं ते बघायचं.

पुढच्या काळातल्या दोन गोष्टी याच कसोटीला उतरल्या. १९७०च्या दशकात 'रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन'चे संपादक टोनी कोस्टर होते. त्यांच्या काळात अ‍ॅलन मॅक्लेलंड यांची 'व्हर्जिनियन अँड ओहायो' या काल्पनिक रेल्वेवरची लेखमाला आली. ही रेल्वे अ‍ॅपलेशियन डोंगरांतला कोळसा वाहणारी. मॅक्लेलंड यांचं म्हणणं असं, की तुमची रेल्वे तळघराच्या भिंतीपाशी संपत नाही. भिंतीपलीकडे खऱ्या रेल्वे कंपन्या आहेत, त्यांच्याशी वाघिणींची देवाणघेवाण आहे, कोळसा कुणीतरी जाळणार आहे. मी ते वाचलं तेव्हा मला बार्शीची भुसार पेठ आणि पंढरीची वारी आठवली. आमची गाडीही कापूस, धान्य आणि वारकरी यांच्यासाठी होती. डब्याचं माप समजण्याआधी त्या डब्यात कोण बसत होतं हे समजायला हवं.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधलं 'मॉडेल रेल्वे जर्नल'. १९८५मध्ये निघालेलं, कमालीच्या काटेकोर हस्तकामाला वाहिलेलं. त्यातलं काम पाहून सामान्य माणसाचे हात गळून पडतात, हा त्याच्यावरचा आक्षेप खोटा नाही. माझेही गळले. पण त्यातले लेखक साधन, धातू, पद्धत आणि फसलेला प्रयत्न यांचा तपशील देतात. माझ्याच्यानं ते कधीच होणार नाही, तरी मी कुठे कमी पडतो आहे हे मला नेमकं कळतं.

बार्शीचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या सगळ्या मासिकांत बार्शी किती? जवळजवळ नाहीच. येते ती दुसऱ्याच्या पाठीमागून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १८९७मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला. रूळ अडीच फुटी, आणि कुठल्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. याच कॅलथ्रॉपनं नंतर इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या खोऱ्यात 'लीक अँड मॅनिफोल्ड' ही तशीच अडीच फुटी रेल्वे केली. ती १९०४ ते १९३४ अशी जेमतेम तीस वर्षं चालली. पण ब्रिटिश नॅरोगेजवाल्यांचा हा लाडका विषय आहे. तिची इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्याची, कपाळावर वसाहतीतल्या इंजिनांसारखा भला मोठा दिवा. इंग्रज लेखक त्या दिव्याचं कौतुक करून थांबतात. मी तिथे थांबू शकत नव्हतो. तो दिवा आमच्याकडून गेला होता.

१९९०च्या दशकात मी पहिला डबा केला. एका चकचकीत अंकानं सांगितलं होतं, की नॅरोगेजसाठी फुटाला चार मिलिमीटर हे प्रमाण आणि नऊ मिलिमीटरचा तयार रूळ घ्या. घेतला. डबा झाला, रंगवला, रुळावर ठेवला. वडील तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा लावून समोरून पाहिलं आणि म्हणाले, "डबा झकास. पण चाकं आत गेल्यात." मी म्हटलं, मासिकात तसंच आहे. ते म्हणाले, "मग मासिकाला विचार."

विचारायला काही वर्षं गेली. उत्तर मिळालं ते नॅरोगेजच्या लेखात नाही, तर साडेसोळा मिलिमीटरच्या त्या जुन्या भांडणात. तिथल्या पत्रलेखकांनी ज्या पद्धतीनं १८.८३ काढला होता, त्याच पद्धतीनं मी अडीच फूट मांडले. फुटाला चार मिलिमीटर, तर अडीच फुटांना दहा मिलिमीटर. चौथीतल्या मुलाचं गणित. माझा रूळ नऊचा होता. एक मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात तीन इंच. ज्या माणसानं त्या चाकांवर हयात घालवली त्याला ते तीन इंच एका नजरेत दिसले होते.

दोन वाटा होत्या. दहाचा रूळ स्वतः घडवायचा, नाहीतर प्रमाण बदलायचं. फुटाला साडेतीन मिलिमीटर घेतलं तर अडीच फुटांचे होतात पावणेनऊ, आणि तयार नऊचा रूळ जवळजवळ चपखल बसतो. मी दुसरी वाट धरली आणि डबा मुळापासून नव्यानं करायला घेतला. मापं हवी होती. हातात होता एक फोटो : वर्कशॉपच्या आवारात डब्याशेजारी उभे असलेले वडील. फोटोतलं एक माप पक्कं ठाऊक असेल तर त्यावरून बाकीची काढता येतात, ही युक्ती मी जुन्या अंकांतून शिकलो होतो. तिथेच हेही वाचलं होतं, की ती फक्त एका पातळीतल्या वस्तूंना लागू पडते, जवळची वस्तू मोठी दिसते. वडिलांची उंची पाच फूट पाच इंच. ते डब्याच्या हातभर पुढे उभे होते, तेवढी दुरुस्ती धरली. खिडकीची उंची, दोन खिडक्यांमधलं अंतर, पायरीची उंची असं सगळं त्यांच्या उंचीवरून बेतलं. दुसरा डबा पुरा झाला तेव्हा तो बघायला वडील नव्हते.

याच आकडेमोडीनं कुणालाही आपल्या ब्रॉडगेजचंही उत्तर काढता येईल. १६७६ मिलिमीटरचा आपला रूळ फुटाला चारनं बरोबर बावीस होतो, साडेतीननं साधारण १९.३. साडेसोळाच्या तयार रुळावर भारतीय गाडी ठेवली, की तिचीही चाकं आत गेलेली असतात.

कपाट

शेवटी कपाटात काय गेलं ते सांगतो. ज्या अंकात माझ्या रेल्वेचं नावही नाही, पण जो वाचून मला माझ्या रेल्वेचा प्रश्न सोडवता येतो, तो अंक ठेवला. ज्यात प्रश्न त्यांचा आणि उत्तर त्यांच्या दुकानातलं, तो दिला. या मापानं 'मॉडेल रेल्वे न्यूज'चे जेवढे होते तेवढे सगळे राहिले. फ्रीझरच्या काळातले 'रेल्वे मॉडेलर', कोस्टरच्या काळातले 'क्राफ्ट्समन', 'जर्नल'चे सगळे आणि 'मॉडेल रेलरोडर'चे निवडक अंक राहिले. आणि प्रत्येक दशकातला एकेक अंक जाहिरातींसकट, पान न फाडता.

ही मासिकं स्वतःही आता हात बदलताहेत. 'क्राफ्ट्समन'चं जुनं प्रकाशनगृह २०१४मध्ये बंद पडलं, मासिक दुसऱ्यांनी चालवायला घेतलं. कामबाख यांच्या संस्थेनं २०२४मध्ये 'मॉडेल रेलरोडर' विकलं. जुने अंक आता संगणकावर वाचता येतात, त्यामुळे माळ्याची गरज कमी झाली आहे. निवडीची गरज मात्र वाढली आहे, कारण आता सगळंच एकदम समोर येतं.

कुणी नवा माणूस विचारतो, कुठल्या मासिकाची वर्गणी भरू? त्याला मी सांगतो, वर्गणी भरण्याआधी लागोपाठचे तीन अंक मिळव. आधी पत्रव्यवहार वाच, मग परीक्षणं, लेख शेवटी. परीक्षणात नुसती विशेषणं आहेत की मापं आहेत ते बघ. तिन्ही अंकांत एकाही लेखकानं आपलं काही फसल्याचं सांगितलं नसेल, तर पैसे वाचव. आणि वाचताना पट्टी जवळ ठेव. ती हातात घ्यावी लागली नाही, तर ते मासिक तुझ्यासाठी नाही.

रद्दीवाल्यानं नऊ खोकी नेली. वजन करताना त्यानं विचारलं, "साहेब, यात आहे काय एवढं?" मी कपाट उघडून त्याला डबा दाखवला. त्यानं तो समोरून, खाली वाकून पाहिला, वडील पाहायचे तसा. चाकांबद्दल तो काही बोलला नाही.